भरती दोन तासांच्या तासिकेत मावत नाही : विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
अभ्यासमंडळ

विषय : पदवीच्या 'समुद्रविज्ञान परिचय' या अभ्यासक्रमातून प्रात्यक्षिके वगळल्याबाबत

स. न. वि. वि.

पुढच्या वर्षापासून 'समुद्रविज्ञान परिचय' हा अभ्यासक्रम दोन क्रेडिटचा आणि निव्वळ लेखी परीक्षेचा करण्याचा निर्णय आपण घेतला आहे. आजवर त्यात दोन क्रेडिट व्याख्यानांची होती आणि दोन प्रात्यक्षिकांची. प्रात्यक्षिकांचे एक क्रेडिट म्हणजे 30 तास, म्हणजे आपण सरळ 60 तास काढून टाकले. त्यांच्या जागी चित्रफिती पाहून लिहायचे स्वाध्याय आले. होडीचा खर्च, विम्याची अडचण आणि तासिकांच्या वेळापत्रकात न बसणारे काम, अशी तीन कारणे आपण दिली आहेत.

आम्ही हा विषय शिकवतो आणि त्याची प्रयोगशाळा चालवतो. तिन्ही अडचणी खऱ्या आहेत, त्या आम्ही नाकारत नाही. मात्र त्यांच्यावरचा हा उपाय आम्हाला मान्य नाही. आमच्या वर्गात मच्छीमार घरांतली मुले असतात, भूगोलाची असतात, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्राची असतात. पुढे त्यातली काही बंदरांत, मत्स्य विभागात, किनारा सर्वेक्षणात, पर्यावरण अहवाल लिहिणाऱ्या कंपन्यांत काम करतील. समुद्राचा एक आकडा कसा मिळतो आणि कसा चुकतो हे न शिकताच ती पदवी घेऊन बाहेर पडणार असतील, तर त्याचा त्रास त्यांनाच नव्हे, या किनाऱ्यालाही होईल. म्हणून हे पत्र टपालाने पाठवून न थांबता सर्वांसमोर ठेवत आहोत.

पहिली हरकत वेळापत्रकाची, आणि तीच सर्वांत मोठी आहे. अरबी समुद्राच्या या किनाऱ्यावर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सरासरी 12 तास 25 मिनिटे जातात. भरतीचा आलेख काढायचा तर किमान 13 तास सलग नोंदी लागतात. आपल्या तासिका दोन तासांच्या, त्याही सकाळी दहा ते संध्याकाळी पाचमध्ये. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात कोकणात पूर्ण भरती दुपारी बाराच्या थोडी आगेमागे येते, आणि पूर्ण ओहोटी पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. म्हणजे कॉलेजच्या वेळेत उधाणाची पूर्ण ओहोटी विद्यार्थ्याला कधीच दिसणार नाही. त्याला दुपारची ओहोटी दिसेल ती अष्टमीच्या आसपासची, भांगाची, जेव्हा पाणी फारसे मागे हटतच नाही. पुळणीचा खालचा उतार, खडकांवरचे जीवपट्टे, खाडीच्या मुखाशी उघडी पडणारी वाळूची दांडी, हे सगळे त्याच्या वेळापत्रकाबाहेर राहते. 'प्रात्यक्षिक वेळापत्रकात बसत नाही' हे आपले म्हणणे म्हणूनच बरोबर आहे. पण बदलायला हवे होते ते वेळापत्रक.

भरतीमापनाला काय लागते तेही सांगतो, कारण खर्चाचा मुद्दा वारंवार पुढे येतो. धक्क्याच्या खांबाला ओळंब्यात बांधलेली, दर सेंटिमीटरला खूण असलेली चार-पाच मीटरची पट्टी. पट्टीशेजारी एक पारदर्शक प्लास्टिकची नळी, तळाशी बुजवलेली आणि खालच्या बाजूला एकदोन बारीक भोके पाडलेली. लाटांनी बाहेरचे पाणी वरखाली होत राहते, पण नळीतले संथ असते, म्हणून वाचन नळीतले घ्यायचे. भोके मोठी पडली तर नळीतही लाट नाचते, फारच बारीक पडली तर गाळाने बुजतात आणि नळीतले पाणी बाहेरच्यापेक्षा मागे राहते. तास-दोन तासांनी काडी घालून ती साफ करावी लागतात. दर 15 मिनिटांनी एक वाचन, सोबत वाऱ्याची दिशा आणि घड्याळातली नेमकी वेळ. भरती-ओहोटीच्या टोकाशी दर पाच मिनिटांनी, कारण तिथे पाणी बराच वेळ थबकल्यासारखे वाटते आणि नेमका क्षण हातून जातो. चार-चार मुलांच्या पाळ्या लावल्या की 13 तास निघतात. मग हा आलेख भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीसारणीशेजारी ठेवायचा. उंचीत ठरावीक फरक दिसला तर पट्टीचा शून्य आणि सारणीचा संदर्भ-तल (उंची जिथून मोजतात ती पातळी) वेगळे आहेत हे मुलांना आपोआप कळते. वेळेत फरक दिसला तर खाडीच्या आत भरती उशिरा पोचते हे कळते. संदर्भ-तल म्हणजे काय, हे आम्ही फळ्यावर कितीही वेळा लिहिले तरी असे समजत नाही.

याच कामाला जोडून खाडीत दर तासाला वरचे आणि तळाचे पाणी काढून क्षारता, म्हणजे पाण्यातले क्षारांचे प्रमाण, मोजता येते. ऑक्टोबरात, नदीला अजून पाणी असताना, वर गोडसर आणि खाली खारे असे दोन थर दिसतात. भरतीबरोबर खालचा थर आत सरकतो. हातात धरायच्या रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबातून जाताना प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणाऱ्या साधनाने) हे काम होते, मात्र शून्य आधी शुद्ध पाण्याने जुळवावे लागते, थेंबात बुडबुडा राहू द्यायचा नसतो, आणि दोन नमुन्यांमध्ये काच पुसून कोरडी करावी लागते. आदल्या थेंबाचे मीठ काचेवर राहिले की पुढचे प्रत्येक वाचन चढे येते. चित्रफितीत काच नेहमी स्वच्छच असते.

किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांना तिथीवरून भरती काढायची रीत ठाऊक आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर सहा. ही रीत अभ्यासक्रमात यायला हवी असे आम्ही सुचवले होते, ते आराखड्यात दिसत नाही. तिच्यातून मिळणारा धडा पहिल्या वर्षाला अगदी साजेसा आहे. पंधरा तिथींमध्ये भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे दर तिथीला 48 मिनिटे. पाऊणपट धरली की 45 मिनिटे होतात. प्रत्येक तिथीला तीन मिनिटे मागे पडत पौर्णिमेला हिशोब 11:15 येतो, बाराऐवजी. शिवाय चंद्राचा वेग सारखा नसतो, आणि उधाण-भांगाच्या चक्रात दोन भरत्यांमधले अंतरही कमीजास्त होते. विद्यार्थ्याने महिनाभराच्या सारणीशी ही रीत ताडून पाहावी, कुठे किती चुकते ते लिहावे आणि कारण सांगावे. घरातले ज्ञान आणि पुस्तकातले गणित एकाच कागदावर येते, आणि खर्च शून्य.

दुसरी हरकत हंगामाची. अभ्यासक्रम जून-जुलैत सुरू होणाऱ्या सत्रात ठेवला आहे. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेआधी कोणताही शहाणा तांडेल (होडीचा प्रमुख) विद्यार्थ्यांना घेऊन बाहेर पडणार नाही, पडूही नये. म्हणून 'होडी मिळत नाही' हे सत्राच्या पहिल्या अर्ध्यापुरते पूर्ण खरे आहे. पण त्याच सत्राच्या शेवटी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, या समुद्रात शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट घडत असते. पावसाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर खोलातले थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी उथळ भागात तळालगत चढते. वर पावसाचे आणि नद्यांचे हलके पाणी झाकणासारखे बसते, त्यामुळे वरचा प्राणवायू खाली पोचत नाही, आणि खाली सेंद्रिय गाळ कुजताना उरलासुरला संपतो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यात कांदोळीसमोर वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी नमुने घेऊन हे नोंदवले आहे. आपला विद्यार्थी त्याच किनारपट्टीवर राहतो, आणि त्याला प्रश्नसंचात विचारतात ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे पाणी वर येण्याबद्दल.

होडीवरचा एक दिवस म्हणजे नेमके काय, ते मंडळाने एकदा पाहावे. वीस-तीस मीटर खोलीवर होडी थांबवून वरचे आणि तळाजवळचे पाणी निस्किन बाटलीने काढायचे. बाटली दोन्ही तोंडे उघडी ठेवून दोराने सोडतात, मग दोरावरून वजन सोडले की ते आदळून झाकणे मिटतात. दोराला गाठ असेल तर वजन वाटेतच अडते. झाकणे ओढणारे रबर सैल झाले असेल तर बाटली वर येताना गळते आणि मधल्याच थरांचे पाणी तिच्यात मिसळते. प्रवाहाने दोर तिरका गेला तर सोडलेली लांबी म्हणजे खोली नव्हे. दोर उभ्यापासून 30 अंश कललेला असेल, तर 25 मीटर दोरावर बाटली सुमारे साडेएकवीस मीटरवरच असते.

पाणी वर आले की सर्वांत आधी प्राणवायूचा नमुना. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळाशी टेकवून पाणी भरायचे, बाटलीच्या दुप्पट-तिप्पट पाणी ओसंडून जाऊ द्यायचे, नळी हळूच काढायची. लगेच मँगनीज क्षाराचे द्रावण आणि अल्कधर्मी आयोडाइड, प्रत्येकी एक मिलिलिटर, पिपेटचे टोक पाण्याच्या आत ठेवून. बूच असे लावायचे की एकही बुडबुडा आत राहणार नाही, आणि बाटली वीसेक वेळा उलटसुलट करायची. वरच्या पाण्याच्या बाटलीत गडद तपकिरी साका बसतो. तळाच्या बाटलीत, त्या दिवसांत, तो फिकट पडतो, आणि प्राणवायू अगदी संपला असेल तर पांढराच राहतो. आकडा प्रयोगशाळेत येईल तेव्हा येईल, पण दोन बाटल्या शेजारी धरल्या की तळाच्या मासळीवर काय वेळ आली असेल ते मुलांना होडीवरच समजते.

पुढचे काम प्रयोगशाळेतले, आणि चुकते ते बहुधा तिथेच. आम्ल घालून साका विरघळवला की प्राणवायूच्या प्रमाणात आयोडीन मोकळे होते, ते सोडियम थायोसल्फेटने मोजतात. थायोसल्फेट ठेवून ठेवून मंदावते, म्हणून त्याच दिवशी पोटॅशियम आयोडेटने त्याची ताकद तपासावी लागते. न तपासता जुनेच आकडे वापरले की प्रत्येक नमुन्यात प्राणवायू जास्त दिसतो, आणि सगळ्यांत सारखाच जास्त दिसत असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. स्टार्च घालायचे ते द्रावण फिकट गवती पिवळे झाल्यावर. आधी घातले तर आयोडीन स्टार्चला धरून बसते, निळा रंग जाता जात नाही आणि शेवटचा बिंदू ओलांडला जातो. 28 अंश तापमानाच्या, 35 क्षारतेच्या पाण्यात हवेशी समतोलात असताना लिटरमागे सुमारे सहा ते साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. थायोसल्फेट तपासलेले असूनही एखाद्याने नऊ लिहून आणले तर मुख्य शक्यता दोन : पाण्यात वनस्पतिप्लवकांची (तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींची) भरभराट आहे, किंवा बाटलीत बुडबुडा होता. यातले कोणते, हे ठरवायला शिकणे म्हणजेच हा विषय शिकणे. आपल्या स्वाध्यायात विद्यार्थ्याला तयार आकडे दिले आहेत. त्या आकड्यांवर शंका घ्यायला त्याच्याकडे काही आधारच नाही.

पाठ्यक्रमाच्या मजकुराबद्दल थोडक्यात. भरतीच्या प्रकरणात कॅनडातील फंडीचा उपसागर आहे, शेजारचे खंबायतचे आखात नाही. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरांच्या आसपास चढते-उतरते आणि गोव्यात दोन मीटरांच्या आसपास, हे एवढ्याशा अंतरात का, याचे उत्तर उत्तरेकडे रुंदावत जाणाऱ्या, किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाच्या उथळ मंचात आणि निमुळत्या आखातात आहे. प्रवाहांच्या प्रकरणात गल्फ स्ट्रीमला चार पाने आणि मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा उलटवणाऱ्या सोमाली प्रवाहाला चार ओळी. आपल्या दारातला पश्चिम किनारी प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडे, आणि हिवाळ्यात बंगालच्या उपसागराचे कमी खारे पाणी इकडे आणतो. त्याचा उल्लेखही नाही. या किनाऱ्यावर पाणी वर येण्याचे कारण केवळ इथल्या वाऱ्यात शोधून भागत नाही. बंगालच्या उपसागरात उठलेल्या आणि किनारा धरून श्रीलंकेला वळसा घालत येणाऱ्या लाटांचाही त्यात वाटा असतो. पुस्तकातली कॅलिफोर्नियाची आकृती इथे तशीच चिकटवली की विद्यार्थी चुकीचे शिकतो.

तिसरी हरकत सुरक्षिततेच्या नावाखाली सगळेच बंद करण्याला आहे. आमच्या यादीतल्या कामांपैकी होडी लागते ती मोजक्याच कामांना. पुळणीचा उतार मोजायला दीड-दीड मीटरच्या दोन काठ्या पुरतात. दोन्हींवर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा असतात. काठ्या दीड मीटर अंतरावर उभ्या धरायच्या. जमिनीकडच्या काठीमागे उभे राहून समुद्राकडच्या काठीचे टोक क्षितिजाशी जुळवायचे आणि ती रेषा आपल्या काठीला टोकापासून किती खाली छेदते ते वाचायचे. तेवढा उतार. ओल्या वाळूत काठी रुतते, म्हणून तिच्याखाली एक फरशीचा तुकडा ठेवावा. सुरुवात पक्क्या भिंतीपासून किंवा कट्ट्यापासून करावी. सुरूच्या झाडापासून केली, तर एखाद्या पावसाळ्यात झाडच जाते आणि आधीच्या सगळ्या नोंदी वाया जातात. धुरकट हवेत क्षितिज दिसत नाही, त्या दिवशी काम होणार नाही हे मान्य करून परतावे. जुलैत उधाणाच्या लाटांनी वाळू ओढून नेलेली असते. ऑक्टोबरनंतर ती हळूहळू परत येते. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी एकाच रेषेवर मोजणी केली की हे दोन आलेख एकमेकांवर ठेवून पाहता येते. उधाणाची भरती सोडून, पाण्यापासून अंतर राखून हे काम पूर्ण सुरक्षित आहे.

लाटांचेही तसेच. धक्क्यावर उभे राहून एका खांबापाशी 11 लाटशिखरे जायला लागलेला वेळ मोजायचा आणि 10 ने भागायचे. 14 सेकंद आले तर खोल समुद्रात त्या लाटेची लांबी 1.56 गुणिले 14 चा वर्ग, म्हणजे सुमारे 306 मीटर. अशी लाट इथल्या वाऱ्याने उठलेली नसते, ती दक्षिणेकडच्या महासागरातल्या दूरच्या वादळातून आलेली असते. हैदराबादचे इन्कॉइस (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र) अशा लाटांचे इशारे देते. आकाश निरभ्र असताना इशारा का आला हे ज्याला समजते, तो आपल्या गावात चार लोकांना किनाऱ्यावरून मागे आणू शकतो. दरवर्षी सहलीला आलेली तरुण मुले या किनाऱ्यावर बुडतात. अशा काळात विद्यापीठाने विद्यार्थ्यांना समुद्रापासून दूर ठेवणे ही सुरक्षितता आहे असे आम्हाला वाटत नाही.

पावसाळ्यात ज्या दिवशी बाहेर पडता येणार नाही, त्या दिवसांसाठी आर्गो तरंगकांच्या नोंदी मोफत उपलब्ध आहेत. हे तरंगक साधारण दहा दिवसांनी एकदा 2000 मीटर खोलीपासून वर येताना तापमान आणि क्षारता नोंदवतात. अरबी समुद्राची एक आणि बंगालच्या उपसागराची एक नोंद घेऊन तापमान-क्षारतेचा आलेख काढला की दोन समुद्रांचा फरक एका तासिकेत दिसतो. संगणकावरच्या कामाला आमचा विरोध नाही. ते पाण्यातल्या कामाची जागा घेऊ शकत नाही, एवढेच.

आमच्या मागण्या अशा :

1. प्रात्यक्षिकांची दोन क्रेडिट, 60 तास, परत द्यावेत.

2. हे तास आठवड्याला ठरावीक तासिकांत न मोजता एकत्र मोजण्याची परवानगी द्यावी. एक 13 तासांचे भरतीमापन, ओहोटीच्या वेळेचे चार अर्धे दिवस, होडीचा एक दिवस आणि उरलेले प्रयोगशाळेत. तारखा सत्र सुरू होताना भरतीसारणी पाहून जाहीर होतील. पहाटेच्या कामाची हजेरी ग्राह्य धरावी, आणि त्या दिवशीच्या इतर विषयांच्या तासिकांतून सूट असावी.

3. होडीचा दिवस 20 सप्टेंबर ते 31 ऑक्टोबर या काळात, हवामान विभाग आणि इन्कॉइसचा इशारा नसेल तेव्हाच. नोंदणीकृत होडी, प्रत्येकाला मापाचे जीवरक्षक जाकीट, गट विमा, आणि शेवटचा निर्णय तांडेलाचा. त्याने 'आज नको' म्हटले तर प्राचार्यांनीही आग्रह धरू नये. होडीचे भाडे विभागाच्या खर्चात धरावे, मुलांकडून वर्गणी काढायला लावू नये.

4. प्रयोगशाळा सहायकाची रिकामी जागा भरावी. खाऱ्या पाण्यातून आलेले उपकरण त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावे लागते. ते कोणाचेच काम नसल्यामुळे महागडी साधने गंजून कपाटात पडतात, आणि मग त्याच कपाटाकडे बोट दाखवून प्रात्यक्षिके बंद केली जातात.

5. अरबी समुद्रावर एक स्वतंत्र घटक असावा. लेखी परीक्षेतले निदान 20 गुण खऱ्या नोंदी वाचण्यावर असावेत : भरतीसारणीचे एक पान, एक तापमान-क्षारता आलेख, एक फसलेली प्राणवायू मोजणी, आणि 'यात काय चुकले असावे?' हा प्रश्न.

6. जर्नलमध्ये खाडाखोड केलेल्या मूळ नोंदींना गुण असावेत. नंतर नीटनेटकी उतरवून काढलेली वही तपासू नये.

7. रसायनशास्त्र न घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी पहिल्या आठवड्यात ब्युरेट, पिपेट आणि आम्ल हाताळण्याचे सहा तास ठेवावेत.

वरच्या सर्व कामांची साधनांची यादी, पाळ्यांचा तक्ता आणि सुरक्षिततेचे नियम आम्ही तयार ठेवले आहेत. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि आम्हाला अर्धा तास द्यावा. त्याआधी एखाद्या अमावास्येला सदस्यांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी संध्याकाळी साडेपाचला जवळच्या धक्क्यावर यावे, पट्टी बांधलेली असेल.

कळावे,

आपले,
समुद्रविज्ञान शिकवणारे शिक्षक व प्रयोगशाळेतील सहकारी